पाइन आणि देवदाराचं तेल: फिनाईलपासून गव्हाच्या कोठीपर्यंत

नागपूरच्या मानेवाडा भागात बचत गट चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "आम्ही काही जणी पाइन ऑइल वापरून पांढरं फिनाईल तयार करतो. माल देणारा दुकानदार सांगतो की हे झाडाचं तेल आहे, जंतू मारतं, डास-ढेकूण पळवतं, गव्हाच्या कोठीत टाकलं तर सोंडे लागत नाहीत. देवदाराचं तेल आणखी भारी, असंही म्हणतो. यात खरं किती? आणि आमच्या बाटलीवर आम्ही काय लिहायचं?"

ताई, दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. सुगंधी तेलं गाळणं आणि तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून ठामपणे सांगतो: चीड (म्हणजे आपल्याकडचा पाइन), देवदार, जुनिपर या सूचिपर्णी झाडांच्या तेलात जंतू आणि कीड मारण्याची ताकद खरोखर आहे. अडचण एवढीच की हे तेल उडून जातं. जिथे ते पुरेशा मात्रेत आणि पुरेसा वेळ टिकतं तिथे काम करतं, नाहीतर नुसता वास उरतो. तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर या एका गोष्टीवर ठरतं.

आधी एक छोटी परीक्षा करून बघा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर तीन थेंब टाका: एक शेंगदाणा तेलाचा, एक टर्पेंटाईनचा (चीडच्या डिंकातून निघणारं पातळ तेल), एक देवदार तेलाचा. पंख्याखाली ठेवा. टर्पेंटाईनचा डाग बघता बघता नाहीसा होतो. देवदाराचा डाग रेंगाळतो, त्याला बराच वेळ लागतो. शेंगदाण्याचा तेलकट डाग मात्र दुसऱ्या दिवशीही तसाच. टर्पेंटाईनमधले मुख्य घटक हलके असतात, दहा कार्बनचे. देवदारातले पंधरा कार्बनचे, जड, म्हणून सावकाश उडतात. खाद्यतेल तर उडतच नाही. याच परीक्षेत भेसळही कळते: महागाचं देवदार तेल घेतलंत आणि त्याचा चिकट डाग आठवडाभर हललाच नाही, तर त्यात स्वस्त तेल मिसळलेलं असल्याची शंका घ्या.

ही तेलं येतात कुठून, तेही बघू. विदर्भाच्या जंगलात साग आहे, ऐन आहे, धावडा आहे, पण चीड-देवदार नाहीत. ते हिमालयाचे. हिमाचल आणि उत्तराखंडात चीड झाडाच्या खोडाला खाच पाडून चिकट डिंक गोळा करतात, त्याला तिकडे लीसा म्हणतात. त्यात वाफ सोडली की टर्पेंटाईन वेगळं निघतं आणि मागे रोझिन उरतं, तेच जे सोल्डरिंग करताना वापरतात. टर्पेंटाईनमध्ये अल्फा-पिनीन असतं. आपल्या चीडच्या टर्पेंटाईनमध्ये त्याखेरीज ३-कॅरीन आणि लॉन्जिफोलीनही बरंच असतं. लॉन्जिफोलीन हे नाव चीडच्या जुन्या शास्त्रीय नावावरून, पायनस लॉन्जिफोलियावरून, पडलं. तुम्ही फिनाईलसाठी आणता ते पाइन ऑइल बहुतेक वेळा थेट झाडातून गाळलेलं नसतं. कारखान्यात पिनीनवर आम्लाच्या मदतीनं पाणी चढवून ते तयार करतात आणि त्यात मुख्यतः अल्फा-टर्पिनिऑल असतं. ही काही फसवणूक नाही. जंतूंवर टर्पिनिऑल हे नुसत्या पिनीनपेक्षा जास्त परिणाम करतं. देव्हाऱ्यातला कापूरही बहुधा याच घराण्यातला असतो, कारण बाजारात मिळणारा बराचसा कापूर आज कापराच्या झाडापासून न बनता टर्पेंटाईनमधल्या पिनीनपासून बनतो.

देवदाराचं तेल लाकडातून काढतात. त्यातल्या मुख्य घटकांना हिमाचलीन म्हणतात, सोबत हिमाचलॉल आणि अ‍ॅटलँटोन असतात. या घटकांची रचना उलगडण्याचं मोठं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, १९६० च्या दशकात. बाजारात 'सीडरवुड' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या झाडांची तेलं विकतात. एक आपल्या देवदाराचं, सीड्रस देवदाराचं. दुसरं अमेरिकेतल्या जुनिपरचं, जुनिपेरस व्हर्जिनियानाचं, ज्यात सीड्रॉल आणि सीड्रीन असतं. दोन्ही कामाची आहेत, पण घटक वेगळे आहेत. म्हणून बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव नसेल तर पैसे देऊ नका.

झाड हे सगळं स्वतःच्या बचावासाठी बनवतं. साल पोखरायला भुंगा आला की डिंक भसाभस वाहतो, भुंगा त्यात अडकतो आणि जखमेतून शिरणारी बुरशीही थोपवली जाते. पण कीडही शहाणी होते. पाइनवरचे काही साल-भुंगेरे पिनीन पचवून त्याचंच आपल्या जातभाईंना बोलावणारं गंधद्रव्य बनवतात. आपल्या शेजारी मंडलाकडच्या साल नावाच्या झाडांच्या जंगलातही असाच प्रकार आहे. हे साल झाड काही सूचिपर्णी नाही, पण सालबोरर नावाचा किडा ताज्या तोडलेल्या साल ओंडक्यांच्या रसाच्या वासावर लांबून येतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशात त्याची मोठी लाट आली होती, तेव्हा ओंडके ठेचून त्यांच्यावर जमलेले किडे गोळा करून मारत. म्हणजे एखाद्या वासानं एक कीड पळते, त्याच वासानं दुसरी जवळही येऊ शकते. 'वास उग्र आहे म्हणजे सगळी कीड जाणार' हे गृहीत धरू नका.

आता तुमच्या फिनाईलकडे येतो, कारण तुमचा धंदा तोच आहे.

टर्पिनिऑलसारखे घटक तेलात विरघळणारे असतात. जंतूच्या पेशीचं आवरणही स्निग्ध असतं. त्यात हे घटक शिरतात, आवरण सैल पडतं, आतले क्षार आणि ऊर्जेचे रेणू बाहेर झिरपतात आणि जंतू मरतो. पण सगळ्या जंतूंवर हे सारखं चालत नाही. पाइन ऑइल असलेली जंतुनाशकं पूर्वी विषमज्वराच्या जंतूवर तपासत, फिनॉलशी तुलना करून. त्याला रिडील-वॉकर गुणांक म्हणतात. त्या जंतूवर पाइन ऑइल छान काम करतं, म्हणून आकडा झकास यायचा. पण फोड-गळू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर तेच पाइन ऑइल लंगडं पडतं. एका जंतूवर मिळालेला आकडा सगळ्या जंतूंच्या नावावर खपवणं म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल, मग ती नकळत का असेना. सुडोमोनास नावाचा जंतू तर असा चिवट की फार पातळ केलेल्या जंतुनाशकातच तो वाढू शकतो. म्हणून जुन्या, नीट न धुतलेल्या बाटल्यांत फिनाईल भरणं आजच बंद करा.

आता हिशेब करू. कॉन्सन्ट्रेट विकणारे सांगतात, एक लिटरपासून वीस लिटर फिनाईल बनवा. समजा ते सगळं कॉन्सन्ट्रेट निव्वळ तेलच आहे. तसं कधीच नसतं, त्यात तेल पाण्यात मिसळवणारा साबण असतोच. तरीही धरून चला. तुमच्या तयार फिनाईलमध्ये जास्तीत जास्त ५ टक्के तेल आलं. गिऱ्हाईक त्यातलं एक झाकण, म्हणजे साधारण १० मिलिलिटर, आठ लिटरच्या बादलीत टाकते. त्या झाकणात तेल अर्धा मिलिलिटर. बादलीत ते पसरलं की ०.००६ टक्के. जंतूंची वाढ थांबवायला टर्पिनिऑल साधारण ०.१ टक्का किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे बादलीत गरजेच्या पंधरा-सोळा पट कमी तेल आहे. फरशी स्वच्छ होते ती पोछा, पाणी आणि साबण यांच्यामुळे. तेलानं फक्त वास येतो. फरशी रोज स्वच्छ पुसणं याचं महत्त्व मी अजिबात कमी लेखत नाही, पण त्याचं श्रेय पाइनला देता येत नाही.

तेच फिनाईल मोरीत, संडासाच्या भांड्याभोवती, जाळीवर, आधी घासून धुतल्यावर, पाणी न मिसळता ओतलं आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं तर गोष्ट बदलते. तिथे मात्रा पुरते, वेळही मिळतो. गिऱ्हाइकांना हे समजावून सांगा, त्यांचा फायदा होईल.

आणखी एक समज खोडायलाच हवा. पाण्यात टाकल्यावर जितकं दुधाळ, तितकं फिनाईल कडक, असं बायका म्हणतात आणि विकणारेही म्हणतात. दुधाळपणा येतो तो तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. साबण बदलला तर तेवढ्याच तेलात ते जास्त पांढरं किंवा अगदी पारदर्शकही करता येतं. रंगावरून ताकद ठरत नाही. काळं फिनाईल हे मात्र वेगळंच प्रकरण, ते डांबरापासून निघणाऱ्या फिनॉलवर्गीय पदार्थांचं असतं. त्याच्या गुणांची तुलना तुमच्या मालाशी करू नका.

आता गहू. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचा गहू घेतात, गच्चीवर ऊन देतात, कोठीत भरतात. त्यावर पाइन ऑइल किंवा टर्पेंटाईन टाकू नका. एक तर ते खाण्याचं तेल नव्हे. दुसरं, दाणा वास धरून ठेवतो, पोळीला लागतो. तिसरं, कामही होत नाही. प्रयोगशाळेत ही तेलं सोंड्यांना मारतात हे खरंय. त्यांची वाफ किडीच्या श्वसनछिद्रांतून आत जाते आणि मज्जासंस्थेत गोंधळ करते. पण ते प्रयोग घट्ट बंद बाटलीत, मोजून मापून, बाहेर फिरणाऱ्या मोठ्या किड्यांवर केलेले असतात. तुमच्या कोठीचं झाकण दर दोन दिवसांनी उघडतं, वाफ निघून जाते, उरलेली गहू शोषून घेतो. आणि सोंड्याची अळी तर दाण्याच्या आत बसलेली असते.

गव्हाला एरंडेल चोळतात तो जुना उपाय याहून कितीतरी बरा. ते न उडणारं तेल आहे, दाण्यावर थर धरून बसतं. कडधान्यात तर हे डोळ्यांना दिसतं. तूर, मूग किंवा हरभऱ्याचा दाणा उजेडात धरा. कडधान्याच्या भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवरच अंडी चिकटवते, पांढऱ्या ठिपक्यांसारखी. अंड्यातून निघालेली अळी सरळ दाण्यात शिरते आणि पुढे गोल भोक पाडून भुंगेरा होऊनच बाहेर येते. किलोला ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल नीट चोळलं तर अंड्याला हवा मिळत नाही, ते गुदमरतं. आणि वर्षाची तूर असेल तर तिची डाळ करून ठेवा, डाळीवर हा भुंगेरा फारसा पोसत नाही. गव्हाला मात्र मे महिन्याच्या नागपुरी उन्हाइतकं चांगलं औषध नाही. दाणा दाताखाली कडक तुटेपर्यंत वाळवा, गार झाल्यावर भरा आणि झाकण घट्ट ठेवा.

देवदाराच्या तेलाला मात्र इथे थोडी जागा आहे. त्यातल्या हिमाचलॉल आणि बीटा-हिमाचलीन यांनी कडधान्याचा भुंगेरा आणि घरमाशी मरते, हे आपल्याकडच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलेलं आहे. मी ते धान्यात नाही, रिकाम्या कोठीत वापरायला सांगतो. कोठी धुऊन वाळवली की तळाच्या सांध्यांत, कडेच्या वळणात, जिथे जुनं पीठ आणि किडे दडून बसतात, तिथे फडक्यानं देवदार तेल पुसा, झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा, मग उघडून पुन्हा ऊन द्या आणि कोरड्या कापडानं पुसून काढा. बंद जागा, थेट संपर्क आणि पुरेसा वेळ, तिन्ही गोष्टी इथे मिळतात. आणि कीड फार झाली म्हणून कुणी घरात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवायला सांगितल्या तर हात जोडून नाही म्हणा. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो.

डासांबद्दल थोडक्यात. अंगाला लावलं तर असलं तेल तास-दोन तास जेमतेम टिकतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि नागपुरात तो कूलरच्या टाकीत पैदा होतो. टाकीत पाइन ऑइल टाकून मोकळं व्हायचा विचार करू नका, ते पंख्यातून तुमच्याच नाकात येणार, दम्याच्या माणसाला त्रास होणार आणि दोन दिवसांत वास संपणार. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि कडा काथ्यानं घासा. डेंग्यूच्या या डासाची, म्हणजे एडिसची, मादी पाण्याच्या रेषेवर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती सुकून महिनोनमहिने जिवंत राहतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

वाळवीवर लोक टर्पेंटाईन शिंपडतात. ज्या वाळव्यांना ते लागतं त्या मरतात, पण राणी जमिनीखाली असते, तिला पत्ताही लागत नाही. खरी गंमत लाकडात आहे. देवदाराचं आतलं, गाभ्याचं लाकूड वाळवीला दाद देत नाही, कारण तेल तिथे साठलेलं असतं. काश्मीरचे जुने पूल आणि हाउसबोटी देवदाराच्याच आहेत. आपल्या सागातही गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात. सीपी टीक (सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत) म्हणून ज्या सागाचं नाव देशभर आहे, तो याच भागातला. पण बाहेरचं फिक्कट लाकूड, मग ते सागाचं असो की देवदाराचं, वाळवी आवडीनं खाते. हल्ली पाइनवुडचं फर्निचर 'यात नैसर्गिक डिंक आहे, कीड लागणार नाही' असं सांगून विकतात. ते बरंचसं आयात मालाच्या खोक्यांचं लाकूड असतं. त्यावर 'एचटी' असा शिक्का दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की ते आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं आहे. आत असलेली कीड मेली, पण उद्या येणाऱ्या वाळवीपासून त्यानं काही संरक्षण मिळत नाही. असं फर्निचर भिंतीपासून आणि ओलीपासून लांब ठेवा.

कपाटातल्या पैठण्यांसाठी देवदाराच्या लाकडाचे तुकडे मला मनापासून आवडतात. लोकरी-रेशमी कपडे खाणाऱ्या पतंगाच्या कोवळ्या अळ्यांवर त्यांचा परिणाम होतो. अंड्यांवर आणि मोठ्या अळ्यांवर होत नाही, म्हणून कपडे आधी झटकून, हवा देऊन ठेवा. तुकड्यांचा वास गेला की कडा पॉलिश पेपरनं घासा, आतलं तेल पुन्हा मोकळं होतं. रेशमाला तेल मात्र लावू नका, डाग पडतो. घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्यांऐवजी हेच वापरा. नॅफ्थलीनच्या वासानं काही बाळांचं रक्त फुटून कावीळ होते.

अंगणातल्या मोरपंखीबद्दलही मला नेहमी विचारतात, की तीही सूचिपर्णीच ना, पानं उकळून फवारू का? मोरपंखीच्या पानांत पिनीन, कॅरीन असतं, पण उकळून ते बहुतेक वाफेबरोबर निघून जातं आणि पातेल्यात हिरवं पाणी उरतं. संत्र्याच्या झाडावर पाइन ऑइल फवारण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. पाइन ऑइल तण जाळायला वापरतात, कोवळी पालवीही तशीच जळते.

साठवणीकडे फार लक्ष द्या. टर्पेंटाईनची वाफ साधारण ३५ अंशाला पेट घेण्याजोगी होते. मे महिन्यात नागपुरात सावलीतला पारा ४५ ला भिडतो, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये टर्पेंटाईनचं पिंप असेल तर ते दिवसभर धोक्याच्या पातळीच्या वर असतं. माल थोडा-थोडा आणा, खोली हवेशीर ठेवा, शेगडी, दिवा आणि उदबत्ती त्या खोलीत नको. ब्लीचिंग पावडरचं पोतं आणि टर्पेंटाईन एकाच कोपऱ्यात तर कधीच नको, दोन्ही एकत्र आली तर जोरात पेट घेतात. अर्धवट भरलेली बाटली हवेनं खराब होते. तेल घट्ट आणि पिवळं होतं, त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि त्यांनी हाताला इसब येतो. पूर्वी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला सीडरवुड तेल लावून जंतू पाहायचे. काम झाल्यावर भिंग लगेच पुसलं नाही तर ते तेल काचेवर वाळून घट्ट व्हायचं, तेही हवेमुळेच. तुमच्या मैत्रिणींना हातमोजे द्या. आणि घरात मांजर असेल तर तिच्या आसपास ही तेलं फवारू नका, तिचं यकृत ती पचवू शकत नाही.

आता लेबल. जंतुनाशक म्हणून विकायचं तर औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या नियमांत परिशिष्ट ओ आहे, त्याचं मानक पाळावं लागतं आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. डास किंवा झुरळ मारतं असं लिहिलं की १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू होतो, त्याची नोंदणी वेगळी. तुम्ही 'पाइनयुक्त सुगंधी फ्लोअर क्लीनर' असं लिहा. '९९.९ टक्के जंतू मारतो' लिहू नका. मोरीसाठी पाणी न मिसळता, दहा मिनिटं, ही वापरण्याची रीत जरूर छापा, आणि तेलाचं प्रमाण खरं छापा. दुसरे कोणी छापत नाहीत म्हणून तुम्ही छापलंत तर दुकानदार तुमचाच माल पुन्हा मागेल.

शेवटची गोष्ट मी हट्टानं सांगतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत फिनाईल भरून विकू नका, स्वस्त पडत असलं तरी. दुधासारखं पांढरं, ओळखीच्या बाटलीत, लहान मूल तोंडाला लावणारच. लेबलवर मोठ्या अक्षरात लिहा: पोटात गेल्यास उलटी करवू नका, तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. मुलाला लगेच दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत न्या.